नाव ठाऊक नसलेलं पुस्तक

लातूरच्या ट्यूशन एरियात संध्याकाळी एक बॅच सुटते आणि दुसरी आत शिरते, तेव्हा रस्ताभर पाठीला सॅक लावलेली मुलंमुलीच दिसतात. मेस, झेरॉक्स, होस्टेल, आणि इमारतींच्या वरच्या मजल्यांवर अभ्यासिका. नांदेडच्या शिकवणी भागांतही हेच चित्र आहे. अभ्यासिकेत महिन्याच्या बोलीवर एक खुर्ची मिळते. दोन्ही बाजूंना प्लायवूडची आडभिंत, डोक्यावर दिवा, मोबाइलसाठी प्लग, समोर शांतता राखण्याची सूचना. परीक्षा जवळ आली की रात्री उशिरापर्यंत एकही खुर्ची रिकामी नसते. इतकी तरुण माणसं एका छताखाली इतक्या निष्ठेनं वाचत बसलेली दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतील.

आणि त्या खोलीत पुस्तकांचं कपाट नसतं. ज्यानं त्यानं आपली पुस्तकं आपल्या सॅकमधून आणायची आणि जाताना घेऊन जायची. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, मागच्या प्रश्नपत्रिका. स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी असेल तर राज्यघटना आणि चालू घडामोडी. जे शोधायला आपण आलेलोच नाही, असं एकही पुस्तक तिथे नजरेला पडण्याची सोय नाही.

माझा मुद्दा साधा आहे. ज्याचं नावच ठाऊक नाही, ते पुस्तक कुणी मागू शकत नाही. आणि ज्याच्याबद्दल कधी ऐकलंच नाही, तो चित्रपट कुणी शोधू शकत नाही. म्हणून निरनिराळ्या प्रकारची पुस्तकं आणि चित्रपट माणसाच्या वाटेत येतील अशी व्यवस्था समाजाला मुद्दाम करावी लागते. नांदेड-लातूरनं गुणांसाठी अशी व्यवस्था उत्तम केली. भटक्या वाचनासाठी आणि पाहण्यासाठी मात्र ती केलेली नाही. ही उणीव किरकोळ नाही, कारण या दोन जिल्ह्यांना ज्यांचा अभिमान वाटतो ती माणसं अशा भटकंतीतूनच घडली.

विचारवंत नरहर कुरुंदकरांचंच उदाहरण घ्या. १९३२ साली आजच्या हिंगोली जिल्ह्यातल्या नांदापूरला त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे, डॉ. ना. गो. नांदापूरकरांकडे राहिले, इंटरच्या परीक्षेत नापास झाले, पुढे नांदेडला शाळेत शिक्षक झाले आणि अखेर तिथल्याच पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. वयाची पन्नाशीही न गाठता १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादला व्यासपीठावरच त्यांचा मृत्यू झाला. एवढ्या आयुष्यात त्यांनी काय काय हाताळलं ते पाहावं. ‘रिचर्ड्सची कलामीमांसा’ आणि ‘मनुस्मृती’ एकाच माणसानं लिहिलेली पुस्तकं आहेत. मराठी कादंबरीची चिकित्सा करणारं ‘धार आणि काठ’ त्यांचंच, आणि राजकारणावरचं, हिंदू-मुस्लिम प्रश्नावरचं ‘जागर’ आणि ‘शिवरात्र’ही त्यांचंच. भरताचं नाट्यशास्त्र हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. रणजित देसाईंना शिवाजी महाराजांबद्दल त्यांनी लिहिलेलं दीर्घ पत्र ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलं गेलं आणि आजही कित्येक वाचक कादंबरीइतकंच त्या प्रस्तावनेबद्दल बोलतात.

कुरुंदकरांच्या विचारातली धार इथूनच येते. ते धर्मग्रंथाला समाजशास्त्राचे प्रश्न विचारत आणि कादंबरीला इतिहासाचे. साहित्याच्या अभ्यासकानं फक्त साहित्य आणि इतिहासाच्या अभ्यासकानं फक्त कागदपत्रं वाचायची, ही वाटणी त्यांनी मानली असती, तर नांदेडला आणखी एक चांगला प्राध्यापक मिळाला असता. कुरुंदकर मिळाले नसते.

दुसरं उदाहरण लातूरचं. डॉ. जनार्दन वाघमारे हे इंग्रजीचे प्राध्यापक, राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि राज्यसभेचे सदस्य होते. परीक्षेतल्या यशाचा ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आणणाऱ्यांत त्यांचं नाव आवर्जून घेतलं जातं. पण याच वाघमाऱ्यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकाला ओळख करून दिली. ‘अमेरिकन नीग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हे त्यांचं पुस्तक त्या विषयावरच्या मराठीतल्या महत्त्वाच्या पुस्तकांपैकी आहे. मराठवाड्यातल्या एका माणसाला हार्लेमच्या कृष्णवर्णीय कवींशी काय देणंघेणं, असा प्रश्न तेव्हाही कुणी विचारू शकलं असतं. त्या काळात मराठीत दलित साहित्य आकार घेत होतं आणि दूरच्या खंडातल्या त्या लेखनाशी आपलं नातं शोधत होतं. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरनं तर आपलं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. अभ्यासक्रमाबाहेरचं, भाषेबाहेरचं, खंडाबाहेरचं वाचन इथल्या माणसाच्या जगण्याला असं येऊन भिडतं.

लातूर पॅटर्नच्या उभारणीत ज्यांचा हात होता, तेच वाचनाच्या या भटकंतीचे वाटाड्ये होते. त्यांच्या कामाचा पहिला भाग आपण उचलला आणि दुसरा मागे ठेवून दिला.

प्रकार ओलांडून वाचायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच प्रतवारी सुरू होते. कविता, वैचारिक ग्रंथ, आत्मचरित्र हे ‘वाचन’. रहस्यकथा, भयकथा, विज्ञानकथा हा ‘टाइमपास’. सत्यजित राय हा ‘सिनेमा’. मारधाड, भुतंखेतं, विनोद ही ‘करमणूक’. या प्रतवारीनं फार नुकसान केलं आहे. मराठीत कितीतरी माणसांना वाचनाची गोडी बाबूराव अर्नाळकरांनी लावली, गुरुनाथ नाईकांनी लावली, सुहास शिरवळकरांनी लावली. नांदेडच्या उर्दू वाचणाऱ्या घरांना इब्ने सफींच्या जासूसी कादंबऱ्या परक्या नाहीत. त्या वाचकांपैकी काहीजण आयुष्यभर रहस्यकथाच वाचत राहिले असतील, तर त्यांनी काहीही गैर केलं नाही. पण बरेचजण तिथून पुढे गेले, कारण एकदा पान उलटायची सवय लागली की हात दुसऱ्या पुस्तकाकडे जातोच. जयंत नारळीकर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत उतरले, तेव्हा जगन्मान्य शास्त्रज्ञ असूनही त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली. आपल्या नावाकडे न पाहता कथेकडे पाहिलं जावं, एवढीच इच्छा. बक्षीस मिळालं, आणि पुढे हाच विज्ञानकथाकार अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसला. ज्या प्रकाराकडे नाक मुरडलं जातं, त्यातूनही असा रस्ता निघतो.

एक चित्रपट घेऊन हा रस्ता जवळून पाहू. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ साली आला आणि २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत लागला. लातूर-नांदेडच्या विशीतल्या मुलांना तो माहीत आहे. अनेकांनी मोबाइलवर पाहिला आहे. समजा, एखाद्या मुलाला तो आवडला. त्याला कुणी सांगितलं, की या चित्रपटामागे नारायण धारप या मराठी भयकथाकाराच्या एका कथेची प्रेरणा आहे, तर तो धारपांकडे जाईल. धारपांकडून त्याला कळेल, की अमेरिकेतल्या स्टीफन किंगचं आणि त्यांच्या काही कथांचं नातं आहे. तिथे इंग्रजी भयकथेचं दार उघडतं. तुंबाड हे नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीमुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे; तिच्यात भूत नाही, कोकणातल्या एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा पट आहे. आणि दिग्दर्शकाचे वडील अनिल बर्वे हे स्वतः लेखक होते. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ ही त्यांची कादंबरी फाशीची वाट पाहणाऱ्या नक्षलवादी कैद्याची आणि त्याच्या तुरुंगाधिकाऱ्याची आहे. एका भयपटापासून निघालेला मुलगा घराण्याच्या कादंबरीपर्यंत, राजकीय कादंबरीपर्यंत आणि परभाषेतल्या कथेपर्यंत पोचतो. त्याला ‘गंभीर वाचन कर’ असं कुणी बजावावं लागत नाही. फक्त पुढचं नाव सांगणारं कुणीतरी त्याच वेळी जवळ असावं लागतं.

हे काम मोबाइल करतो, असं म्हणणारे भेटतात. मोबाइलमध्ये सगळं आहे, हे खरं. ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा १९३६ सालचा चित्रपट आज खेड्यातल्या मुलालाही इंटरनेटवर सापडतो, ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण शोधाच्या चौकटीत टाइप काय करायचं? आणि काहीच टाइप केलं नाही तर पडद्यावर येतं ते आपण काल पाहिलं त्याच्यासारखंच. तुंबाड पाहणाऱ्याला आणखी दहा भयपट सुचवले जातील, ‘तुंबाडचे खोत’ सुचवलं जाणार नाही. यंत्राला आपली कालची आवड कळते. उद्या काय आवडू शकेल हे कळायला आपल्याला ओळखणारं माणूस लागतं. शिक्षक, ग्रंथपाल, मोठी बहीण, पुस्तकाच्या दुकानातला जाणता विक्रेता ही अशी माणसं आहेत. त्यांना पर्याय सापडलेला नाही.

या दोन जिल्ह्यांची भूमी तर अशा शोधासाठी केवढी समृद्ध आहे. नांदेडला मराठी, उर्दू, पंजाबी, तेलुगू एकाच बाजारात कानावर पडतात. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे साऱ्या जगातले शीख इथे येतात. देगलूर, बिलोली, धर्माबादच्या सीमेवर घरात तेलुगू आणि शाळेत मराठी असलेली मुलं आहेत. उदगीरहून बीदर फार दूर नाही, त्यामुळे कन्नड ओळखीची. नांदेडात उर्दू घर उभं राहिलं आहे. पण शेजाऱ्याच्या पुस्तकाचं किंवा चित्रपटाचं नाव आपल्याला कितपत ठाऊक असतं? गौतम घोष यांचा ‘मा भूमि’ हा १९८० च्या उंबरठ्यावर आलेला तेलुगू चित्रपट निजामी राजवटीतल्या तेलंगणाच्या शेतकऱ्यांच्या लढ्यावर आहे. दिग्दर्शक बंगाली, भाषा तेलुगू आणि मूळ आधार कृष्णचंदर यांच्या ‘जब खेत जागे’ या उर्दू कादंबरीचा. ज्या निजामाच्या राज्यातून १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, त्याच राज्याची ही गोष्ट. दर वर्षी १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो, भाषणं करतो. त्याच संध्याकाळी हा चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवला, सोबत मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामावरची मराठी पुस्तकं मांडली, तर मुलांना कळेल की आपला इतिहास चार भाषांत विखुरलेला आहे.

चित्रपटाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट टोचते. आदिनाथ कोठारे यांचा ‘पाणी’ हा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला चित्रपट नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडी या गावच्या पाण्याच्या लढ्यावर आहे. २०२४ साली तो चित्रपटगृहांत आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणण्याची वेळ ज्या लातूरवर आली, त्या लातूरच्या शाळा-महाविद्यालयांत हा चित्रपट दाखवून त्यावर तासभर चर्चा घडवली पाहिजे. त्याला जोडून पी. साईनाथ यांचं दुष्काळी भारतावरचं वृत्तलेखन वाचायला द्यावं, भूजलशास्त्राचं एखादं सोपं पुस्तक द्यावं, पाण्यावरची एखादी विज्ञानकथाही द्यावी. एका विषयाभोवती चार प्रकारची पुस्तकं आणि एक चित्रपट, असं आपण मुलांसमोर कधी मांडलं आहे?

‘हे खेड्यातल्या माणसांना झेपणार नाही’ ही शंका मला कधीच पटली नाही. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांनी ‘नीनासम’ या संस्थेमार्फत १९७० च्या दशकात चित्रपट मंडळ सुरू केलं. सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी तिथे ‘पथेर पांचाली’, ‘रोशोमॉन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिले आणि त्यावर बोलले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची आणि चित्रपट शिकवणाऱ्यांची मदत त्यांनी घेतली. सुब्बण्णांना १९९१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे हेग्गोडूच्या शेतकऱ्याला कळलं, ते रेणापूरच्या किंवा मुखेडच्या शेतकऱ्याला कळणार नाही, असं मानायला काहीच आधार नाही. लातुरातही अलीकडे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला, ही आनंदाची गोष्ट. पण महोत्सव दोन-चार दिवसांचा असतो. सवय लागायला दर पंधरा दिवसांनी एक चित्रपट लागतो.

पुस्तकांकडे वळलं की पहिला अडसर कुलुपाचा आहे. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांची मोठी यंत्रणा उभी राहिली. आज मान्यताप्राप्त ग्रंथालयं हजारोंनी आहेत. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी आणि तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या ग्रंथपालांनी ती टिकवली, त्यांचे उपकार मोठे आहेत. तरीही अनेक ठिकाणी पुस्तकं काचेच्या बंद कपाटात असतात, मध्ये टेबल असतं आणि वाचकानं नाव सांगून पुस्तक मागायचं असतं. ग्रंथ हरवतील, हिशेब द्यावा लागेल, ही भीती खोटी नाही. पण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रवर्तक शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ सालीच वाचकाला कपाटापर्यंत थेट जाऊ देण्याचा आग्रह धरला होता, आणि तो आग्रह रास्त होता. ज्याला नाव माहीत आहे त्यालाच टेबलावरून पुस्तक मिळतं. ज्याला माहीत नाही, त्याच्यासाठी कपाट उघडं असावं लागतं. पुस्तक हातात घेऊन, चार पानं चाळून परत ठेवण्याचा हक्क त्याला असावा लागतो. दोन-चार पुस्तकं गेली तरी चालतील. न वाचता कसर लागून गेलेली पुस्तकं त्याहून कितीतरी जास्त असतात.

आणि ज्या गावात ग्रंथालयच नाही तिथे? बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० नंतरच्या काळात खेडोपाडी फिरत्या ग्रंथपेट्या पाठवल्या. त्यांच्या ग्रंथालय खात्याला दृश्य शिक्षणाची शाखाही होती, ती स्लाइड आणि चित्रपट दाखवत असे. एका मराठी संस्थानिकाला शंभरेक वर्षांपूर्वी कळलं होतं, की पुस्तक आणि पडदा एकत्र गावात गेले पाहिजेत. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. पेटीचा मोठा गुण म्हणजे तिच्यात निवड कुणीतरी आधीच केलेली असते आणि ती मिश्र असते. कवितेशेजारी प्रवासवर्णन, त्याशेजारी भयकथा, त्याशेजारी शेतीचं पुस्तक. वाचक एकासाठी येतो आणि दुसरं घेऊन जातो.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. ज्या मुलाचे आईवडील ऊसतोडीला जातात किंवा दोन एकर कोरडवाहू कसतात, कर्ज काढून त्याला ट्यूशनला पाठवतात, त्या मुलानं भटकंती करायची का? एक वैद्यकीय प्रवेश सगळ्या घराची दिशा बदलतो. हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्या मुलाच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. कुरुंदकर नापास झाले म्हणून कुणी नापास व्हावं, असं तर मुळीच म्हणायचं नाही. पण रोज चौदा तास एकाच प्रकारचं वाचणाऱ्या मुलाला रात्री झोपण्याआधी पंधरा मिनिटं एखादी कथा वाचता आली, रविवारी दोन तास एक चित्रपट पाहता आला, तर त्याची जागा जाणार नाही. तेवढा वेळ आजही मोबाइलवर जातोच. शिवाय परीक्षा देणाऱ्या सगळ्यांनाच प्रवेश मिळत नाही. ज्यांना मिळत नाही, त्यांच्या हाती गुणपत्रिकेशिवाय काहीच उरलं नसेल, तर अपयश त्यांना पोकळ करून टाकतं. त्यांच्या मनात जगण्याच्या दुसऱ्या वाटांची चित्रं असायला हवीत, आणि ती पुस्तकांतून, चित्रपटांतूनच येतात. ज्याला प्रवेश मिळतो, त्या डॉक्टरलाही माणूस कळावा लागतो. खरं तर ज्याच्या घरात पुस्तकांचं कपाट नाही, त्यालाच बाहेरच्या कपाटाची गरज सर्वांत जास्त आहे.

म्हणून काय करावं, ते स्पष्ट सांगतो. प्रत्येक अभ्यासिकेत एक उघडं कपाट असावं, शंभर-दीडशे पुस्तकांचं. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी. रहस्यकथेपासून तत्त्वज्ञानापर्यंत, आणि दर तीन महिन्यांनी ते दुसऱ्या अभ्यासिकेच्या कपाटाशी बदलावं. प्रत्येक महाविद्यालयात पंधरा दिवसांनी एक चित्रपट दाखवावा, एकदा भयपट, एकदा माहितीपट, एकदा परदेशी, एकदा शेजारच्या भाषेतला, आणि नंतर अर्धा तास मुलांनीच बोलावं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली या चार जिल्ह्यांचं विद्यापीठ हाताशी आहे. त्याच्या महाविद्यालयांतल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी शिबिराला जाताना ग्रंथपेटी न्यावी. ‘अ’ वर्गाच्या ग्रंथालयांनी निदान एक खोली मुक्त प्रवेशाची करावी. यातलं काहीही फार खर्चाचं नाही. एका क्लासच्या जाहिरातीच्या फलकांवर जेवढा पैसा जातो, तेवढ्यात कितीतरी कपाटं भरतील.

लातूर पॅटर्न आपोआप घडला नाही. प्राचार्यांनी ठरवलं, शिक्षकांनी जादा तास घेतले, पालकांनी पदरमोड केली, तेव्हा एका दुष्काळी जिल्ह्याचं नाव राज्यभर झालं. ठरवलं की करून दाखवण्याची ताकद या मातीतल्या माणसांत आहे, हे सिद्ध झालेलं आहे. तीच ताकद आता या कामाला लागली पाहिजे, आणि सुरुवात त्यांनी करावी ज्यांचं घर या मुलांच्या फीवर चालतं. येत्या जूनमध्ये नवी बॅच येईल, तेव्हा क्लासच्या आणि अभ्यासिकेच्या मालकांनी खुर्च्यांच्या रांगेतली एक जागा कमी करून तिथे कपाट ठेवावं. त्याला कुलूप लावू नये.